उजळलेल्या बांगडीचा हिशेब

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत कमानिया गेट या नावाचा एक दरवाजा उभा आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात या शहराजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून हा दरवाजा बांधण्यात आला. त्याच्या नावातली ‘कमान’ मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. दरवाजाच्या आसपास जुनी बाजारपेठ पसरलेली आहे आणि तिच्यातच सराफा आहे. लग्नसराईत येथे खेड्यापाड्यांतून माणसे येतात. कोणी दागिने करावयास येतात, कोणी मोडावयास, तर कोणी काळवंडलेली चांदी उजळून घ्यावयास.

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरी, रेल्वे, न्यायालये आणि तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली. अशा घरांतील मुले शाळेत हिंदीतून शिकतात आणि घरी मराठी बोलतात. त्यामुळे विज्ञानाच्या अभ्यासात एक गंमतीची अडचण उभी राहते. मराठी पाठ्यपुस्तक ज्याला ‘अणू’ म्हणते त्याला हिंदी पाठ्यपुस्तक ‘परमाणु’ म्हणते; आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’. शब्द तोच, अर्थ मात्र एक पायरी सरकलेला. भाषांतराचे काम करणाऱ्यास हा फरक नित्य सांभाळावा लागतो. म्हणून आरंभीच सांगून ठेवतो की या लेखात ‘अणू’ हा शब्द मराठी अर्थानेच वापरला आहे. अणू म्हणजे चांदीचा, सोन्याचा, तांब्याचा असा सर्वांत लहान कण, ज्याला अजून चांदी, सोने किंवा तांबे म्हणता येते.

आजचा विषय आहे आयन. अणूने इलेक्ट्रॉन दिला किंवा घेतला की त्याचा आयन होतो, हे वाक्य शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. परीक्षा झाली की ते विसरले जाते, कारण आपल्या घराशी त्याचा संबंध काय, हे सहसा कोणी सांगत नाही. हा संबंध किती जवळचा आहे हे पाहावयाचे तर सराफ्यासारखी दुसरी शाळा नाही.

नाहीशी झालेली चांदी

कोणत्याही जुन्या सराफ्यात सोनारांच्या दुकानांतील केरकचरा फुकट जात नाही. घासताना, कापताना, डाग देताना उडालेले धातूचे बारीक कण त्या धुळीत आणि राखेत असतात. ती धूळ विकत घेऊन, धुऊन, तिच्यातून सोने-चांदी वेगळी काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात; हिंदी मुलखात त्यांचे नाव न्यारिया. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांच्या हातची एक क्रिया आपण बारकाईने पाहू या, कारण तिच्यात आजचा सारा विषय साठवलेला आहे.

चांदीचा कस काचेच्या भांड्यातील नत्राम्लात टाकला की फसफस होते आणि तांबूस-तपकिरी वाफ वर येऊ लागते. काही वेळाने पाहावे तो भांड्यात केवळ पाणी दिसते. चांदी कोठेही नाही. न जाणणाऱ्याला वाटेल की आम्लाने ती खाऊन टाकली. पुढे त्या पाण्यात तांब्याची स्वच्छ पट्टी उभी केली की थोड्याच वेळात पट्टीवर करड्या रंगाचा, पिसांसारखा थर चढू लागतो. पाणी हळूहळू निळे होत जाते आणि पट्टी झिजत जाते. तो करडा थर धुऊन, वाळवून, मुशीत आटवला की पुन्हा शुभ्र चांदी हाती येते.

चांदी गेली कोठे होती आणि परत आली कशी? ती कोठेही गेलेली नव्हती. तिचा प्रत्येक अणू त्या पाण्यातच होता. मात्र त्याने आपल्याजवळचा एक इलेक्ट्रॉन दिलेला होता. एवढ्याशा देण्यामुळे लखलखीत, कठीण, पाण्यात न विरघळणाऱ्या धातूचा डोळ्यांना न दिसणारा, पाण्यात मोकळेपणी हिंडणारा आयन झाला. तांब्याने त्याला त्याचा इलेक्ट्रॉन परत दिला आणि तो पुन्हा धातू झाला. तांब्याच्या एका अणूजवळून दोन इलेक्ट्रॉन निघतात. चांदीच्या एका आयनाला एकच पुरतो. म्हणून तांब्याचा एक अणू विरघळतो तेव्हा चांदीचे दोन अणू बाहेर पडतात. अणूंचे वजन लक्षात घेऊन हिशेब केला तर १ ग्रॅम तांबे खर्ची पडून सुमारे ३.४ ग्रॅम चांदी परत मिळते. पाण्याला आलेला निळा रंग हा तांब्याच्या आयनांचा रंग आहे. चांदी ज्या वाटेने बाहेर आली, त्याच वाटेने तांबे आत गेले.

देणे आणि घेणे

आता अणूच्या आत डोकावू. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक अतिशय लहान गाभा असतो आणि त्यात धन विद्युतभार असलेले प्रोटॉन असतात. गाभ्याभोवती तितकेच ऋण विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही संख्या सारख्या असल्याने जमाखर्च जुळतो आणि अणू एकंदरीत भाररहित राहतो. चांदीच्या अणूत ४७ प्रोटॉन आणि ४७ इलेक्ट्रॉन असतात, सोन्याच्या अणूत ७९ आणि ७९.

बाहेरच्या बाजूचा एक इलेक्ट्रॉन निघून गेला की चांदीजवळ ४७ प्रोटॉन आणि ४६ इलेक्ट्रॉन उरतात. धन बाजू एकाने वरचढ ठरते. हा झाला धन आयन. उलट एखाद्या अणूने बाहेरचा इलेक्ट्रॉन घेतला तर ऋण बाजू वरचढ होते आणि ऋण आयन तयार होतो. आपल्या रोजच्या मिठात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. सोडियमजवळ ११ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांतला सर्वांत बाहेरचा एक सैलपणे धरलेला असतो. क्लोरीनजवळ १७ असतात आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकाची जागा रिकामी असते. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. दोघेही आयन होतात आणि विरुद्ध भारांच्या ओढीने एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. मिठाचा खडा म्हणजे अशा असंख्य आयनांची नीट रचलेली रास होय. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. परंतु त्यांच्या आयनांवाचून आपली आमटी अळणी राहते. एका इलेक्ट्रॉनाच्या देवघेवीने स्वभाव किती पालटतो, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते असणार?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतो असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः कोणत्याही अणूपासून इलेक्ट्रॉन वेगळा काढावयास ऊर्जा खर्च करावी लागते. पुढे आयन एकमेकांजवळ आले, किंवा पाण्याच्या रेणूंनी त्यांना वेढले, म्हणजे त्या ओढीतून ऊर्जा परत मिळते. खर्चापेक्षा मिळकत जास्त असेल तरच व्यवहार आपोआप घडतो. कोणता धातू इलेक्ट्रॉन लवकर सोडील आणि कोणता धरून ठेवील, हे या हिशेबावर ठरते. आपल्या घरातील धातूंची अशी एक रांग लावता येते: अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, तांबे, चांदी आणि शेवटी सोने. रांगेत जो पुढे, तो मागच्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊ शकतो. तांबे चांदीला देते, लोखंड तांब्याला देते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला तर त्यावर तांब्याचा लाल थर चढतो, तो याच नियमाने. सोने रांगेच्या अगदी शेवटी उभे आहे. ते आपले इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडीत नाही. म्हणूनच शतकानुशतके जमिनीत पुरलेले नाणे काढले तरी ते पिवळेधमक निघते.

‘आयन’ हा शब्द १८३४ साली इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याने प्रचारात आणला. द्रावणातून विजेचा प्रवाह सोडला की काही कण एका टोकाकडे आणि काही दुसऱ्या टोकाकडे जातात, हे त्याने पाहिले होते. म्हणून ‘जाणारा’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याने त्यांना दिला. शब्द सुचविणारा विद्वान विल्यम व्ह्यूएल हा होता. आपल्या वाचकांस येथे उत्तरायण आणि दक्षिणायन आठवतील, आणि ते योग्यच आहे. संस्कृतातील ‘अयन’ म्हणजेही जाणे, आणि ग्रीक व संस्कृत शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. तेव्हा ‘आयन’ हा शब्द वाटतो तितका परका नाही. फार दूरच्या प्रवासाहून घरी आलेला तो आपला नातेवाईकच आहे.

फॅरडेच्या काळी इलेक्ट्रॉनचा शोध लागलेला नव्हता. तो १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन याच्या प्रयोगांनी लागला. त्याआधी, १८८४ साली, स्वीडनमधील स्वांते अर्‍हेनिअस या तरुणाने आपल्या प्रबंधात मिठासारखे पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण सुटे होतात, या विचाराचा पाया घातला. परीक्षकांना ते फारसे पटले नाही आणि प्रबंधाला खालचा दर्जा मिळाला. १९०३ मध्ये त्याच कार्यासाठी अर्‍हेनिअसला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दाराशी आलेला उजाळा

हे सारे समजून घेण्याची गृहिणीला गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दुपारच्या वेळी दाराशी येऊन उभे राहते.

‘दागिने उजळून देतो’ असे म्हणत दोन माणसे येतात. आधी ती पितळेचे एखादे भांडे किंवा चांदीचे निरांजन घासून लख्ख करून दाखवितात. भांडे खरोखरच चकाकते आणि घरच्या माणसांचा विश्वास बसतो. मग हातातल्या बांगड्या, गळ्यातले मंगळसूत्र मागून घेतले जाते. ते एका पातळ द्रव्यात थोडा वेळ बुडविले जाते, ब्रशाने घासले जाते. पुष्कळदा हळदीच्या पाण्यात घालून, डब्याचे झाकण लावून, ‘अर्ध्या तासाने उघडा’ असे सांगितले जाते. डबा उघडल्यावर दागिना तसाच असतो. घडण तीच, संख्या तीच. काही दिवसांनी, काही महिन्यांनी, किंवा मुलीच्या लग्नात दागिना मोडावयास नेल्यावर सराफ तराजूत घालतो आणि वजन कमी भरते. तोपर्यंत उजाळा देणारे दूर निघून गेलेले असतात. असे प्रकार आपल्या देशातील अनेक गावांत घडलेले आहेत आणि वृत्तपत्रांतून त्यांच्या बातम्या वारंवार येतात.

ही चोरी अशी की जिच्यात वस्तू घरातच राहते आणि तरी ती चोरीला जाते. ती कशी घडते हे आता आपण सांगू शकतो. सोने नुसत्या नत्राम्लाला दाद देत नाही आणि नुसत्या मिठाच्या आम्लालाही देत नाही. परंतु नत्राम्लाचा एक भाग आणि मिठाच्या आम्लाचे तीन भाग एकत्र केले की जे मिश्रण होते, त्याला अम्लराज म्हणतात, आणि त्यापुढे सोने टिकत नाही. नत्राम्ल सोन्याच्या अणूपासून तीन इलेक्ट्रॉन काढून घेते. असे थोडेच अणू आयन होतात, पण मिठाच्या आम्लातील क्लोरीनचे आयन त्यांना लगेच चहूबाजूंनी घेरून टाकतात, त्यामुळे त्यांची परतण्याची वाट बंद होते. मग आणखी थोडे अणू, आणखी थोडे. एकाने कुलूप काढावे आणि दुसऱ्याने माल लपवावा, तसे हे दोन आम्लांचे संगनमत आहे.

दागिन्याचा वरचा थर अशा रीतीने सगळीकडून सारखाच निघून जातो. म्हणून नक्षी फारशी बिघडत नाही आणि डोळ्याला काही कळत नाही. भांड्यात उरलेले पाणी किंचित पिवळे दिसते, एवढेच. ते पाणी ‘मळ निघाला’ असे सांगून उजाळा देणारा आपल्याबरोबर घेऊन जातो, कारण खरी मजुरी त्या पाण्यातच असते. त्या पाण्यात हिराकस टाकले की सोने गाळासारखे खाली बसते. हिराकसातील लोहाच्या अणूंनी आधीच दोन दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात. ते आणखी एक एक देतात आणि असे तीन मिळाले की सोन्याचा एक आयन पुन्हा सोने होतो. झारेकऱ्याची प्रामाणिक विद्या आणि भामट्याची लबाडी यांच्या मागचे शास्त्र एकच आहे. फरक आहे तो माल कोणाचा, एवढाच.

एका ग्रॅम सोन्यात सुमारे ३ वर २१ शून्ये एवढे अणू असतात. त्या सर्वांनी तीन तीन इलेक्ट्रॉन दिले, तरी त्या साऱ्या इलेक्ट्रॉनांचे वजन अवघे ८ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखांश भागांपैकी केवळ ८ भाग भरेल. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका असतो, त्याचा हा परिणाम. याचा अर्थ असा की सोने आयन होऊन पाण्यात गेले तरी त्याचे वजन जवळजवळ जसेच्या तसे राहते. दागिन्यात जितके कमी झाले, तितके पाण्यात असलेच पाहिजे. सृष्टीच्या वहीत खर्च आहे आणि जमा नाही, असे कधी होत नाही.

हॉलमार्कच्या छापावर विसंबून येथे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या जूनपासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क बंधनकारक झाला आणि ग्राहकाची मोठी सोय झाली. परंतु तो छाप शुद्धतेची हमी देतो. अम्लराजाने शुद्धता फारशी बिघडत नाही. घटते ते वजन. त्यासाठी तराजू हाच एक साक्षीदार. घरातील प्रत्येक दागिन्याचे वजन एका वहीत लिहून ठेवावे, आणि दागिना दुरुस्तीस किंवा उजाळ्यास द्यावयाचा तर ओळखीच्या पेढीवर द्यावा. तो देताना आणि घेताना आपल्यासमोर तोलून घ्यावा. यात अविश्वास नाही. चांगल्या सराफालाही असाच व्यवहार आवडतो.

प्रामाणिक उजाळा

वर सांगितलेल्या चकाकीत धातू आपल्या हातून जातो. दुसऱ्या एका प्रकारच्या चकाकीत तो परत येतो, आणि ती घरच्या घरी साधता येते.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत गंधकयुक्त वायूचा अंश असतो. अंडी, रबर, लोकर यांतही गंधक असते. चांदीच्या वरच्या थरातील अणू इलेक्ट्रॉन देतात, ते हवेतील प्राणवायू घेतो, आणि आयन झालेली चांदी गंधकाशी बांधली जाऊन काळा थर तयार होतो. आपण राखेने किंवा पावडरीने खसाखसा घासतो तेव्हा हा थर निघतो खरा, पण त्याबरोबर त्यातली चांदीही जाते. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या ताम्हणाची नक्षी पुसट होते ती यामुळेच.

त्याऐवजी असे करावे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यात अॅल्युमिनियमचा पातळ कागद अंथरावा. त्यावर चांदीची वस्तू त्याला टेकेल अशी ठेवावी. एक लिटर कडकडीत पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ विरघळवून ते पाणी वस्तू बुडेपर्यंत ओतावे. थोड्याच वेळात सडक्या अंड्यासारखा किंचित वास येईल आणि काळेपणा विरू लागेल. अॅल्युमिनियम आपल्या रांगेत सर्वांत पुढे आहे. ते चांदीच्या आयनांना त्यांचे इलेक्ट्रॉन परत देते. चांदी जागच्या जागी पुन्हा धातू होते आणि गंधक तिला सोडून जाते. वास येतो तो त्या गंधकाच्या वायूचा. खिडकी उघडी ठेवावी. वस्तू धुऊन मऊ कापडाने पुसावी. मोती किंवा खडे बसविलेले, लाखेने भरलेले, किंवा नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळे केलेले दागिने मात्र या पाण्यात घालू नयेत.

या दोन उजाळ्यांत डोळ्याला दिसणारे फळ एकच आहे: चकाकी. पण एकात इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो आणि धातू घर सोडतो. दुसऱ्यात इलेक्ट्रॉन दिला जातो आणि धातू घरी येतो. म्हणून नुसते ‘चकाकले का?’ असे न विचारता ‘इलेक्ट्रॉन कोणी दिला आणि कोणी घेतला?’ असे विचारावयास आपण शिकलो, तर शाळेतल्या त्या एका वाक्याचे चीज झाले असे म्हणता येईल.

हाच प्रश्न स्वयंपाकघरातही उपयोगी पडतो. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले तर ते कळकते. तेथे हवेतील प्राणवायू आंबट रसाच्या मदतीने तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतो आणि तांब्याचे आयन अन्नात उतरतात. ते पोटात गेले तर मळमळ आणि वांती होते. कल्हईचा कथलाचा थर तांबे आणि अन्न यांच्यामध्ये उभा राहतो. म्हणून कल्हई विरळ होऊ देऊ नये, आणि ती शुद्ध कथलाची असावी. शिसे मिसळलेल्या कथलाची कल्हई आरोग्याला घातक होय.

मोजमाप आणि जबाबदारी

विजेच्या प्रवाहाने चांदीचा मुलामा चढविताना हीच देवघेव बाहेरच्या तारेतून चालते. १ अँपियरचा प्रवाह एक तासभर वाहिला तर चांदीच्या पाण्यातून सुमारे ४ ग्रॅम चांदी बाहेर पडते. हे प्रमाण इतके नेमके असते की विजेच्या प्रवाहाचे आंतरराष्ट्रीय मापच एके काळी त्यावर ठरविले होते: दर सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी जमवील तो १ अँपियर. १९४८ पर्यंत हीच व्याख्या चालत होती. जी चांदी नववधूच्या पायात पैंजण होऊन वाजते, तिनेच जगातील प्रयोगशाळांना वीज मोजावयास शिकविले, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

पण या व्यवहाराची एक किंमत आहे आणि ती बहुधा दागिना घालणाऱ्याला मोजावी लागत नाही. नत्राम्लातून निघणारी तपकिरी वाफ फुप्फुसांना फार अपाय करते. कधी कधी तिचा परिणाम लगेच न दिसता काही तासांनी दिसतो. मुलामा देण्याच्या चांदीच्या पाण्यात सायनाइडसारखे जहाल विष वापरले जाते. अंधाऱ्या माडीवर, खिडकी बंद करून, तोंडावर नुसता रुमाल बांधून काम करणारा कारागीर त्या हवेत दिवसभर श्वास घेतो. आणि उरलेले निळे पाणी गटारात ओतले तर तांब्याचे, चांदीचे आयन त्याबरोबर वाहत जातात. आयन डोळ्याला दिसत नाहीत, गाळण्याने गाळता येत नाहीत. आणि पाण्यातील मासे व सूक्ष्म जीव यांना चांदीचे आयन अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. चांदी विरघळली तेव्हा ती नाहीशी झाली नव्हती, हे आपण वर पाहिले. तोच नियम गटारालाही लागू आहे. तेथे ओतलेलेही नाहीसे होत नाही. ते नाल्यातून पुढे नदीच्या वाटेला लागते. लोखंडाचे तुकडे टाकून ते तांबे खाली बसविणे, आम्ल चुन्याने मारणे, वाफ बाहेर खेचणारी धुरांडी बसविणे, हे उपाय अवघड नाहीत. पेढीवर दागिना घेताना घडणावळीचा भाव करतो, तसेच हे काम कोठे आणि कसे होते, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. असे विचारणारे वाढले तर विचार करणारेही वाढतील.

दुपारी कोणी उजाळा देणारा दाराशी आला तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. दार लावून घ्यावे आणि शेजारणीलाही सावध करावे. घरातील थोर मंडळींना, विशेषतः दुपारी एकट्या असणाऱ्या आजीबाईंना, पिवळ्या पाण्याची ही गोष्ट सांगून ठेवावी. आणि सुटीच्या दिवशी मुलांना जवळ बसवून देवघरातील काळवंडलेले निरांजन सोड्याच्या पाण्यात उजळून दाखवावे. निरांजन उजळत असताना तळाचा अॅल्युमिनियमचा कागद निस्तेज होत जातो, त्याकडे त्यांचे लक्ष वेधावे. निरांजनाने जे मिळविले, ते त्या कागदाने दिलेले असते.